हरलेल्याचं नाव आधी

वाक्य १. माझा आवाज हीच माझी ओळख आहे.
(स्वीकारले.)

हे वाक्य अण्णांनी पहिल्याच दमात वाचलं आणि वर फोनला म्हणाले, "ओळख कसली लेका, पोट हाय त्ये माझं."

फोननं तेही ऐकलं. लाल अक्षरं आली : कृपया फक्त दिलेले वाक्य वाचा.

"ह्यो तर हेडमास्तर निघाला."

रविवारची सकाळ होती. आवाज घुमू नये म्हणून मी खिडक्यांना वाकळा टांगल्या होत्या. आईला मिक्सर लावायला बंदी केली, तर ती पाट्यावर चटणी वाटायला बसली. पाट्याचाही आवाज यायला लागला, तेव्हा हात धुऊन उंबऱ्यात येऊन बसली. सोमवारी अण्णांना मिरजेला भरती करायचं होतं. बुधवारी त्यांच्या गळ्यातली स्वरपेटी काढणार होते. गाठ तिच्यातच होती. स्वरपेटी काढली की श्वासासाठी मानेला पुढून भोक ठेवतात. फुप्फुसातली हवा तिथूनच आत-बाहेर करते, तोंडाशी तिचा संबंध उरत नाही. डॉक्टर म्हणाले होते, माणूस राहील, आवाज राहणार नाही.

माझे वडील दिनकर सुतार. गाव कारवेवाडी. एरवी दारं-खिडक्या करायचे आणि जत्रांचे दिवस आले की कुस्तीच्या मैदानात निवेदन. चौतीस वर्षं. हलगी थांबली की अण्णांचा आवाज सुरू व्हायचा, गोल आणि भरदार, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही आपल्याशीच बोलतायत असं वाटणारा.

आणि मी हिरा. त्यांची एकुलती एक. एसटी स्टँडसमोर माझं छोटं दुकान आहे. वाढदिवसाचे बॅनर, लग्नाच्या आमंत्रणाचे व्हिडिओ, दुकानांची गाणी. सगळं मोफतच्या यंत्रांवर. एक चित्र काढतं, एक चाल लावतं, एक फोटोतल्या माणसाला नाचवतं. मला यातलं काहीच येत नाही, फक्त त्यांना काय सांगायचं ते येतं. त्यातलंच एक 'कंठ'. पन्नास वाक्यं वाचून घेतं आणि तुमचा आवाज ठेवून देतं. पाटीवर लिहिलेलं : मोफत. कायमचं.

वाक्यं मी इथे त्यांच्या क्रमानं लावलेली नाहीत. ज्या क्रमानं ती माझ्या अंगावर आली, त्या क्रमानं आहेत.

वाक्य १२. कृपया मला एक तिकीट द्यावे.
(पुन्हा वाचा. आवाज हसरा आहे.)

"असं बोललो तर कंडक्टर गाडीतनं खाली उतरवंल की गं."

"अण्णा, वाचा सरळ."

"अवो वाचा की," आई उंबऱ्यातून म्हणाली, "पोरगी सकाळधरनं उपाशी हाय."

(स्वीकारले.)

वाक्य ५०. स्पर्धेत जिंकणाराच लक्षात राहतो.
(वाक्य जुळत नाही. पुन्हा वाचा.)

शेवटचं वाक्य. अण्णांनी ते डोळ्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि तोंडानं म्हणाले, "स्पर्धेत हरणारा लक्षात ठेवायचा असतो."

(वाक्य जुळत नाही.)

परत तेच म्हणाले. (वाक्य जुळत नाही.) चारदा.

अण्णांची एक रीत होती. अख्ख्या भागात ती दुसऱ्या कुणा निवेदकाची नव्हती. कुस्ती निकाली झाली की सगळे निवेदक जिंकलेल्याच्या नावानं ओरडतात. अण्णा थांबायचे. हलगी खाली बसू द्यायचे. मग हरलेल्याचं नाव आधी. गाव, नाव, वस्तादाचं नाव. "अमक्या गावचा अमुक तमुक, वस्ताद अमके, आज हरला." बस. त्यावर एक श्वास. मग जिंकलेला. एकदा एका जिंकलेल्या पैलवानाची माणसं भांडायला आली, आमच्या पोराचं नाव आधी का घेत नाही म्हणून. अण्णा म्हणाले, "त्येचं नाव तुमी चार दिस घेणारच हाय. ह्येचं आज माझ्याबिगर कोण घेणार?"

"वगळू या हे," मी म्हटलं.

"वगळ. मी न्हाई म्हणणार."

कंठ म्हणालं : ४९ वाक्ये पुरेशी आहेत. पुढे जायचे? मी दाबलं. मग अटी आल्या. लांबलचक. नखाएवढ्या अक्षरांत. बारा महिने आवाज तुमचा खासगी राहील, त्यानंतर मोफत सेवेतील सर्व आवाज सामायिक कोठारात जमा होतील, जेणेकरून सर्वांना सर्जनाचा आनंद...

माझ्या दुकानात मी रोज अशा दहा अटी मान्य करते.

मान्य.

वाक्य २३. आज चहात साखर कमी आहे.
(स्वीकारले.)

कंठ काय करतं ते अवघड नाही. वाक्यांतून ते आवाजाचा ठसा काढतं. गळा किती रुंद, नाकात किती घुमतं, 'र' किती थरथरतो, श्वास कुठं तुटतो. ठसा म्हणजे शेवटी काही हजार आकडे. मग फोनवर काहीही लिहा, ते आकडे त्या लिहिलेल्याला तुमचा गळा चढवतात. फक्त गळा. काय बोलावं आणि काय बोलू नये, हे त्या आकड्यांत नसतं. हे मला माहीत होतं. कळलं नव्हतं.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी अण्णा घरी आले. मानेला फडकं बांधलेलं. आईनं चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला, फोन ओढला, एका बोटानं कितीतरी वेळ काहीतरी लिहिलं आणि बटण दाबलं.

"हिराच्या आई, च्यात साखर मोजून टाकतीस व्हय गं?"

त्यांचाच आवाज. तोच खोडसाळ, तोच गोल. आई जिथे होती तिथेच खाली बसली. पदरात तोंड घालून रडली, मग हसली, मग साखरेचा डबाच घेऊन आली.

इतकं सुख मी आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं. हे लिहून ठेवायला पाहिजे. पुढचं सगळं खरं आहे, पण हेही खरं आहे.

वाक्य ३१. मला आपली मदत हवी आहे.
(स्वीकारले.)

मिरजेच्या त्याच दवाखान्यात कुलसुम मुजावर वाचेचे धडे देतात. साठीच्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी अण्णांना समोर बसवलं.

"फोन ठेवा बाजूला. आपल्याला तुमच्याच तोंडानं बोलायचंय. अण्णा, ढेकर देता येतो का?"

अण्णांनी मान हलवली.

"मग झालं. ढेकराला शब्द शिकवायचे. तोंडातली हवा जिभेनं मागं ढकलायची, अन्ननलिकेच्या तोंडाशी अडवायची आणि सोडायची. तिथलं कातडं थरथरतं. तोच आता तुमचा आवाज. प, ट, क पासून सुरू करू. ही अक्षरं तोंडात हवा अडवून येतात, ती आपोआप मागं जाते. म्हणा, पाट."

अण्णांच्या घशातून ओल्या पिशवीतून फुगा सुटावा तसा आवाज आला. माझ्या शेजारी आईनं मान वळवली. क्षणभरच. अण्णांनी ते बघितलं.

"छान," बाई म्हणाल्या. "सहा-आठ महिने लागतील. आणि एक आधीच सांगते, ह येणार नाही. ह म्हणजे नुसता श्वास. तुमचा श्वास आता मानेतनं जातो, तोंडात येतच नाही. बाकीची अक्षरं कमी-जास्त होतील, ह गेला."

अण्णांनी पाटी ओढली. लिहिलं : आहे कसं म्हणायचं?

"आए."

होता?

"ओता."

नाही?

"नाई. अर्धा महाराष्ट्र तसाच म्हणतो."

अण्णांनी पाटी पुसली. मग लिहिलं : आहे, होता, नाही. तिन्ही गेले. उरलं काय?

कुलसुमबाईंनी चष्मा वर केला. "नावं. तुम्ही जन्मभर नावंच घेत आलाय की."

माझ्या पोरीचं नाव हिरा आहे.

"इरा म्हणा. पोरगी ओ देईल."

अण्णा तीन वेळा गेले. चौथ्या वेळी निघताना त्यांनी फोनवरून विचारलं, त्या सुंदर आवाजात, "जायाच पायजे का गं?" आणि मी म्हटलं, राहू दे अण्णा, कशाला त्रास. आवाज आहे की आपल्याकडे.

मीच म्हटलं.

वाक्य ८. आवाज स्पष्ट येतो आहे का?
(स्वीकारले.)

पुढच्याच्या पुढच्या चैत्रात कोळेवाडीचं मैदान होतं. अण्णांना निवेदनाला कोण बोलावणार? पण कमिटीचा संभाजी घरी येऊन गेला, "अण्णा, या हां नक्की, तुमच्यासाठी गंमत हाय." अण्णांनी फेटा बांधला. मी गाडीवर घेऊन गेले. आखाड्याच्या चारी कोपऱ्यांना कॅमेरे होते. माणसं बसली, हलगी कडाडली, थांबली. आणि भोंग्यातून अण्णांचा आवाज आला.

अण्णांनी स्वतःचा फोन तपासला. तो खिशात बंद होता.

संभाजी धावत आला. "कसं वाटलं? तुमचाच लावलाय! 'ग्रामीण पुरुष, जोरदार, चार नंबर' म्हणून मिळतोय, मोफत! यंदा सगळ्या मैदानात तुमीच. अवो, तुमी आता अमर झालायसा!"

बारा महिने कधीच उलटून गेले होते.

निवेदन असं चालतं. कॅमेरा कुस्ती बघतो. एक यंत्र त्यावर शब्द रचतं. कंठ त्या शब्दांना गळा देतं. शब्द रचणारं यंत्र लाखो व्हिडिओ बघून शिकलेलं असतं, आणि लोक कुठला व्हिडिओ शेवटपर्यंत बघतात तेही त्याला सांगितलेलं असतं. हरणाऱ्याची फजिती झाली की लोक थांबून बघतात. त्यानं ते उचललं.

पहिल्या दोन कुस्त्या सरळ झाल्या. तिसरीत टाकळवाडीचा तेजस कापसे होता, एकोणीस-वीस वर्षांचा, वस्ताद रामू चौगुले यांच्या तालमीतला. रामू वस्ताद अण्णांचे बालमित्र. पोरगं जीव खाऊन लढलं आणि सातव्या मिनिटाला चितपट झालं. हलगी थांबली. तेजस मातीत पडल्या पडल्या मान वर करून भोंग्याकडे बघत होता. का ते मला फार पुढं कळलं.

भोंग्यानं आधी जिंकलेल्याचा जयजयकार केला. मग म्हणाला, अण्णांच्या आवाजात, हसत हसत, "आणि तेजस कापसे! माती खायाला आलतास का रं? आईला सांग, आज जेवाण वाढू नगंस, पोट भरलंय माझं!"

मैदान फुटलं हसून.

अण्णा उठून उभे राहिले. दोन्ही हात हलवले. कुणी बघेना. फोन काढला, लिहिलं, दाबलं. "बंद करा ते. मी तसं बोललो नाही." त्यांच्याच आवाजात, बारीक, फोनमधून. आजूबाजूच्या माणसांनी भोंग्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि आणखी जोरात हसले. त्यांना वाटलं, हीच ती गंमत.

वाक्य १७. मी दिलगीर आहे.
(स्वीकारले.)

आठवड्याच्या आत त्या वाक्याचं गाणं झालं. 'आईला सांग, जेवाण वाढू नगंस.' कुणीतरी चाल लावली, कुणीतरी कार्टून केलं, माती खाणारा पैलवान, प्रत्येक घासाला ढोलकी. सगळं मोफतच्या यंत्रांवर, पाच-पाच मिनिटांचं काम. माझ्या दुकानात एक जण वाढदिवसाच्या व्हिडिओला तेच गाणं लावून मागायला आला. मी शटर ओढलं.

रामू वस्ताद आले तेव्हा अण्णा अंगणात चौकट तासत होते. वस्तादांनी चपला काढल्या नाहीत. उभ्यानंच बोलले.

"दिनू, पोरगं तालमीत येईना. आईनं ताट वाढलं की उठून जातंय. लोकं दारावरनं जाता जाता त्ये गाणं म्हंत्यात."

अण्णांनी रंधा खाली ठेवला.

"चौतीस वर्सात कुणाची आय काढली न्हाईस तू. मला ठावं हाय, त्ये तू न्हवंस. पर त्याला कसं पटवू? त्यानं कानानं ऐकलंय."

अण्णांनी फोन घेतला. लिहीत राहिले, लिहीत राहिले. आई आत चूल सोडून दाराशी आली. मग फोन बोलला, "रामू, मला त्याच्या घरी घेऊन चल. मी त्याची माफी मागतो. सगळ्या मैदानांत जाऊन मागतो. मी दिलगीर..."

"बंद कर!" वस्ताद ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बंद कर दिनू. ह्यो आवाज नगं. ह्योच तर बोलला त्याला."

ते गेल्यावर अण्णांनी फोन कपाटात ठेवला. साडीच्या घडीखाली. परत त्याला हात लावला नाही. आईला त्या घरात तो आवाज परत ऐकू आला नाही. ती मला एकदा म्हणाली, "हिरे, दुसऱ्यांदा मेला गं त्यो आवाज."

(वाक्य नाही.)

आवाज परत मिळण्यासाठी मी केलेला अर्ज आणि त्यावर कंठचं उत्तर :

आपला आवाज आजवर १ कोटी ४ लाख वेळा वापरला गेला आहे. अभिनंदन!

सामायिक कोठारातील आवाज काढता येत नाही.

आपणास हेही आवडेल : आपल्या आवाजात अंगाईगीत तयार करा.

वाक्य ४०. हळूहळू सराव केल्यास यश मिळते.
(स्वीकारले.)

"परत आलात," कुलसुमबाई म्हणाल्या. "उशीर केलात. आता घसा आखडलाय."

अण्णांनी पाटीवर एक नाव लिहून आणलं होतं. हे शिकवा.

तेजस कापसे.

बाईंनी ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. "त आहे, क आहे, प आहे. बरं नाव आहे. गाव?"

टाकळवाडी.

"ट, क. देव बरा दिसतोय तुमचा. पुढं काय म्हणायचंय?"

अण्णांनी लिहिलं : आज हरला.

बाई थांबल्या. "ते अरला होईल, अण्णा."

वैशाखापासून दिवाळीपर्यंत. पाट. टोप. काप. ताक. अंगणात, रंध्याच्या लयीवर. एक शब्द निघायचा, दहा अडकायचे, छातीत कळ यायची, डोळ्यांत पाणी. शेजारची माणसं आधी वाकून बघायची, मग सवयीची झाली. आईनं पुन्हा मान वळवली नाही. स्वयंपाक करताना ती मुद्दाम दार उघडं ठेवायची. "बोला अवो, डाळ शिजतीय तवर बोला."

एका दुपारी मी दुकानातून आले तर मागून कुणीतरी खरखरलं.

"इ...रा."

मी ओ दिली नाही. देता आली नाही.

वाक्य ३६. घरात कोणी आहे का?
(स्वीकारले.)

तेजस तोवर चाकणच्या एका कंपनीत लागला होता. गाड्यांच्या काचा बसवायचं काम. दिवाळीला चार दिवस आला आहे असा रामू वस्तादांचा निरोप आला. आम्ही टाकळवाडीला गेलो, अण्णा आणि मी. तेजस ओसरीवर बसला होता. पूर्वीपेक्षा निम्मा झालेला. त्याची आई आत फराळाचं करत होती.

तो उठला. वाईट बोलला नाही, पाया पडला नाही.

अण्णा त्याच्या समोर उभे राहिले. मानेचं फडकं सारखं केलं. ओठ मिटले. किती वेळ नुसते ओठ मिटलेले. मग :

"टा...कळ...वाडी...चा. ते...जस. का...पसे."

आत कढईचा आवाज थांबला.

तेजस माझ्याकडे वळला. "हे काय झालं त्यास्नी?"

मी सांगितलं. स्वरपेटी, कंठ, कोठार, भोंगा. सगळं. तो खाली बघून ऐकत होता.

"म्हंजे त्या दिवशी तुमी न्हवता," तो अण्णांना म्हणाला. मग जरा वेळानं, "फोन कुठाय तुमचा?"

मी म्हटलं, घरी.

"आणायचा की ओ." त्याचा आवाज एकदम लहान झाला. "मी तालमीत नवा असताना एकटाच लोळायचो, आणि माझं निवेदन मीच करायचो. तुमच्या आवाजात. जिंकल्याचं कमी, हरल्याचंच जास्त करायचो. हरल्यावर तुमी नाव आधी घेता म्हणून. त्या दिवशी पडलो, तवा बी मला एवढं वाईट न्हवतं वाटलं. म्हटलं, आता माझं नाव येणार. पैलं." त्यानं नाक पुसलं. "आता तुमी घेताय, पर ह्यो आवाज त्यो न्हाई ना. मला त्यो पायजे हुता."

तो आवाज. ज्यानं त्याला मातीत घातलं, तोच त्याला पाहिजे होता. अण्णांनी मान हलवली, नाही, नाही. मग परत ओठ मिटले. गळ्याच्या शिरा फुगल्या.

"टाकळ...वाडीचा तेजस... कापसे. वस्ताद... रामू चौ...गुले. आज..." थांबले. सगळी हवा गोळा केली. "अरला."

"काय म्हटले?"

"हरला म्हंत्यात रं," त्याची आई दारातून म्हणाली. तिच्या हातात झारा तसाच होता, तेल ठिबकत होतं.

"कळलं, आई."

तेजस वाट बघत राहिला, अण्णा पुढचं, जिंकलेल्याचं नाव घेतील म्हणून. अण्णांनी ते घेतलं नाही. दमले होते की घ्यायचंच नव्हतं, मला माहीत नाही. ते ओसरीच्या कडेला बसले आणि धापा टाकत राहिले, मानेतून.

"ह्ये कुणी शिकवलं?" तेजसनं मला विचारलं.

"मिरजेच्या कुलसुम मुजावर म्हणून बाई आहेत."

"म्हंजे त्या वस्ताद," तो म्हणाला, आणि आईला चहा टाकायला सांगितला. चकलीची ताटली आली. त्यानं स्वतः एक उचलली, मोडली, खाल्ली. त्याच्या आईनं ते बघितलं आणि पटकन आत गेली.

मातीत तो परत उतरला नाही. चाकणलाच राहिला.

वाक्य ५०.

एक अक्षर अण्णांसोबत गेलं. त्याच्याशिवाय पुढचं सांगायला जमतं का, बघते.

माघात अण्णा गेले. गाठ परत आलेली, या वेळी फुप्फुसात. शेवटच्या सकाळी त्यांनी 'इरा' अशी साद घातली. या खेपेला मी ओ दिली.

दुपारी गावात गाडी फिरली. रोज ओला कचरा, सुका कचरा मागणारी तीच गाडी, तोच भोंगा, आणि भोंग्यात तोच गोल, भरदार आवाज : "कारवेवाडीचे सुप्रसिद्ध निवेदक दिनकर सुतार यांचे दुःखद निधन झाले. अंत्ययात्रा चार वाजता." एकाही... नको. एकसुद्धा अक्षर न चुकता. आईनं कानांवर पदर दाबला.

तिसऱ्या दिवशी नदीकाठी रक्षाविसर्जन. दोन शब्द बोलायला गावोगावचे वस्ताद, पंच, सरपंच. संभाजीनं भोंगा आणलेला. अण्णांच्याच आवाजात अण्णांना श्रद्धांजली, असा त्याचा बेत. मी तार उपटली. त्यानं ती गुंडाळून खांद्यावर टाकली.

मग गर्दीतून तेजस पुढे आला. चाकणवरून थेट, कंपनीचा निळा शर्ट अंगावर तसाच. चपला काढल्या. राखेसमोर जाऊन ताठ उभा.

"कारवेवाडीचा," तो मोठ्यानं बोलला. आवाज फाटका, मैदानात कधी न वापरलेला. "दिनकर सुतार. वस्ताद, मिरजेच्या कुलसुम मुजावर."

मागे कुलसुमबाईंनी तोंडावर ओढणी धरली.

तेजस थांबला. त्याचा गळा शाबूत, त्याला ते अक्षर नीट येतं. तरी त्यानं ते गाळलं.

"आज अरला."

सगळे थांबले. चौतीस वर्षं मैदानात असेच थांबायचे. आधी पडलेल्याचं नाव, एक श्वास, मग दुसरं. दुसऱ्या नावाची वाट बघत अख्खा नदीकाठ गप्प. तेजस वळला आणि वाळूत आपल्या चपला शोधू लागला.